सहीनंतरचा श्वास

नोकरी सोडून सुकेशनी वऱ्हाडातल्या मालेगावला परत आली आणि बसस्टँडामागच्या भाड्याच्या खोलीत बसून तिनं कॉम्प्युटरवरचा मजकूर वऱ्हाडीत वाचून दाखवणारा प्रोग्राम बनवला. आवाज तिचाच. शेलूबाजारच्या अंध मुलांच्या शाळेतल्या मंजू मॅडम, ज्यांना स्वतःलाही दिसत नव्हतं, त्याची वाट पाहत होत्या. पण शाळेच्या कॉम्प्युटरवर तो चढवू गेलं की निळी चौकट आडवी यायची : प्रकाशक अज्ञात. म्हणजे प्रोग्राम बनवणारा कोण, याची खात्री नाही.

शेवटी सुकेशनीनं ओळखपत्रं देऊन डिजिटल सहीचं प्रमाणपत्र मिळवलं. पेनड्राइव्हसारखं टोकन लावून पासवर्ड टाकला, की प्रोग्रामवर तिच्या नावाची मोहोर उठे. मोहोर सांगे, सहीनंतर आतलं एक अक्षरही कोणी बदललेलं नाही.

या वेळी प्रोग्राम बिनबोभाट चढला. मंजू मॅडम कान देऊन ऐकत होत्या.

"ताई, हे बाई मधामधात दम काहून घेते?"

"घेणार नाई, मॅडम. सारे श्वास म्या कापले हायेत."

तरी तिनं हेडफोन लावला. दोन शब्दांच्या मधे कोणीतरी श्वास घेत होतं. ओलसर, घशात अडकणारा. तिचा नव्हता.

खोलीवर येऊन तिनं बिनसहीची प्रत लावली. स्वच्छ. सही केलेली लावली. श्वास. सही तपासली, तर शाबूत. आतलं काहीच बदललं नव्हतं.

तिनं दुसरा कॉम्प्युटर आणला. नवं टोकन मागवलं. पुन्हा सही केली. श्वास आता जास्त जवळून येत होता.

"कुठून येते पाहतोच," ती स्वतःशीच म्हणाली.

भर दुपारी, खाली एस.टी.चे हॉर्न वाजत असताना, तिनं प्रोग्राममधले सगळे आवाज एकेक करून काढून टाकले. स्वतःचासुद्धा. उरला नुसता मुका सांगाडा. त्यावर सही केली, शाळेत पाठवला आणि मोटारसायकल काढली.

ती पोचली तेव्हा मंजू मॅडमनी तो सुरू करून ठेवला होता. स्पीकरला कान लावून त्या बसल्या होत्या. वर्गात दुसरं कोणी नव्हतं.

सुकेशनी दारातच थांबली.

"मॅडम, आता तं काईच नसन."

मंजू मॅडमनी हात वर करून तिला गप्प केलं.

"आतालोक दम चालू होता," त्या हळूच म्हणाल्या. "तुमी दारात आल्या अन् तिनं रोखून धरला."