जिना त्याचा, पंप माझा

असाहेल टटल मला पहिल्यांदा भेटला, तेव्हा त्याच्या एकाच पायात बूट होता. दुसरा आमच्या फाटकापाशी चिखलात होता आणि सावकाश खाली चालला होता. एप्रिलचा पाऊस पडत होता. व्हरमाँटमध्ये एप्रिलला वसंत म्हणायची चूक फक्त पाहुणे करतात.

"तुम्ही मिस थेयर ना?" बगळ्यासारखा एका पायावर तोल सावरत तो म्हणाला. "मी झेनसकाकांचा पुतण्या. अंत्यविधीला आलोय."

"तो मंगळवारी झाला."

"आणि आज...?"

"शुक्रवार."

त्यानं टोपी काढली. पाऊस त्याच्या केसांतून नाकावर आला आणि शेंड्यावर जरा थबकला. "मग आता मी कशासाठी आलोय?"

"मृत्युपत्रासाठी. त्याला सहसा कुणाला उशीर होत नाही."

तो लाजला. आधी कान लाल झाले, मग बाकीचा चेहरा. वाईट बोलले खरी, पण नजर काही त्या कानांवरून हटेना.

झेनसकाका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. मावशी गेल्यावर सहा वर्षं मी त्यांचं घर सांभाळलं आणि हिवाळ्यात रोज एक प्रकरण वाचून दाखवलं. कादंबरी एकच, जाडजूड. ती आम्ही तीनदा वाचली. तिच्यासारखी कादंबरी मी दुसरी पाहिली नाही. तिच्यात कुणी कुणाला पळवून नेत नाही, कुणी घोड्यावरून पडत नाही. माणसं दिवाणखान्यात बसून एकमेकांना चहा देतात आणि दोनशे पानांनी आपल्या लक्षात येतं, अरे, हिचं तर आयुष्य मोडलं! शेवटी मृत्युपत्र वाचलं जातं आणि त्यानंतर त्या घरातली माणसं एकमेकांचं तोंड बघत नाहीत.

तिथं आलं की काका दर वेळी काठी आपटायचे. "गाढव आहे तो म्हातारा! वाटणी अशी करावी, की तोंड बघितल्याशिवाय चालणारच नाही!"

काकांनी तशीच केली.

वकील पीस्लींनी वाचून दाखवलं: घराचा पूर्वेकडचा अर्धा भाग आणि पाण्याचा पंप लोवायना थेयरला, म्हणजे मला. पश्चिमेकडचा अर्धा भाग, जिना, चूल आणि पाव भाजायची विटांची भट्टी असाहेलला. माझी झोपायची खोली वर, म्हणून मला जिन्यावरून जा-ये करण्याचा हक्क. शनिवारी भट्टीचा हक्क. त्याला पंपाच्या पाण्याचा हक्क. गाय माझी, गोठा त्याचा.

आमच्याकडे विधवांना घर असंच वाटून देतात, त्यामुळे पीस्लींनी वडिलांच्या कपाटातला एक जुना नमुना उतरवून काढला होता. उतरवताना शेवटची ओळही उतरवली: 'हे सर्व तिचे, ती पुन्हा लग्न करेपर्यंत. त्यानंतर तिचा भाग दुसऱ्या वारसाकडे जाईल.'

"पुन्हा?" मी म्हणाले. "अहो, माझं एकदाही झालेलं नाही."

पीस्लींनी चष्मा पुसून परत वाचलं. "पुन्हा हा शब्द आपण सोडून देऊ. पण बाकीचं राहील. काकांनी सही केलीय ना."

लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून शेजारच्या पेटेंगिलबाई माझ्या भागात सोबतीला राहायला आल्या आणि मग स्वतःच नावं ठेवू लागल्या.

असाहेल ऑर्गन दुरुस्त करायचा. गावोगावच्या चर्चचे सूर जुळवून संध्याकाळी घरी यायचा. रोज सकाळी स्वयंपाकघरात, दोन भागांमध्ये आखलेल्या खडूच्या रेघेपलीकडून हाक यायची—

"मिस थेयर, पाण्याला येऊ का?"

"या. मी विस्तव घेऊ का?"

"घ्या की. आणि... जिना उतरताना जरा सावकाश उतरत जा."

"का? झिजतो?"

"नाही. मला बघायला वेळ मिळत नाही."

पाणी माझ्याकडे, विस्तव त्याच्याकडे. चहा हवा तर दोघांनी यायलाच हवं. आम्ही दोघंही फार चहा पिऊ लागलो.

शनिवारी मी घेवडा आणि काकवीचं मडकं त्याच्या भट्टीत ठेवायची. तो शेजारी बसून राखण करायचा. कुणापासून, ते त्यानं सांगितलं नाही. मे महिन्यात त्यानं जिन्याच्या सगळ्या पायऱ्यांची करकर घालवली, फक्त सातवी सोडली.

"ती राहिली," मी म्हणाले.

"राहिली नाही, ठेवलीय." कान लाल. "ती वाजली की कळतं... तुम्ही येताय."

त्या दिवशी मी सातव्या पायरीवर उगाचच तीनदा गेले.

पेटेंगिलबाईंनी मोजलं असावं. "लोवायना," त्या विणता विणता म्हणाल्या, "तो तुला मागणी घालणार, बरं का. का नाही घालणार? बायको घेतली की पंप फुकट!"

ते मनातून जाईना. लग्न केलं, की माझा भाग त्याचा. सहा वर्षं ज्या घराला जपलं, ते घर जाणार. आणि तो माझ्याकडे बघून हसला की पंपाकडे, हे मला जन्मभर कळणार नाही...

मी त्याच्या जिन्यावर पाऊल टाकायचं सोडलं. सफरचंदं काढायची शिडी माझ्या खिडकीला लावली आणि नऊ दिवस त्या शिडीनं ये-जा केली. दहाव्या दिवशी पावसात तो खाली येऊन उभा राहिला.

"मिस थेयर, जिन्याचं काही चुकलं का?"

"तुम्ही मला मागणी घालणार आहात?"

"म्हणजे... आत्ता? तुम्ही शिडीवर आहात."

"घालू नका. मी हवी होते की पंप, हे मला कधीच कळणार नाही."

त्यानं टोपीवरचं पाणी झटकलं. मग प्रामाणिकपणे म्हणाला, "पंप चांगला आहे."

आणि निघून गेला! तीन दिवस चूल थंड. पेटेंगिलबाईंनीसुद्धा चहाशिवाय काढले. तेव्हा कळलं मला— पंप गेला तरी चालेल, पण सातव्या पायरीखाली कुणी उभंच नसेल, तर ती वाजवायची कुणासाठी?

चौथ्या दिवशी तो आला. रेघेपलीकडून एक कागद पुढे केला.

"माझा भाग. जिना, भट्टी, चूल... सगळं तुमच्या नावावर. पीस्लींकडून शिक्का मारून आणलाय."

"वेड लागलंय?"

"ऐका तर! हा भाग मृत्युपत्रातला नाही, मी दिलेला. तो कधीच जाणार नाही. आता तुम्ही कुणाशी लग्न केलंत, तर मृत्युपत्राप्रमाणे पूर्वेचा भाग माझ्याकडे येईल. म्हणजे—"

मी मनात घर फिरवून पाहिलं. "म्हणजे पंप तुझा आणि जिना माझा?"

"तू म्हणालीस," तो कुजबुजला.

"काय?"

"आत्ता मला 'तुझा' म्हणालीस."

"विषय बदलू नकोस. आणि मी लग्नच केलं नाही तर?"

"मग अख्खं घर तुझं. मी फाटकापाशी दुसरा बूट शोधत बसेन."

मी ओल्या फडक्यानं मधली रेघ पुसून टाकली. तो पुढे आला. बाकीचं पेटेंगिलबाई अजून गावभर सांगतात, आणि खरं सांगायचं तर त्या काही वाढवून सांगत नाहीत.

जिना आता माझा आहे. असाहेल रोज कामावरून येतो, खाली टोपी काढतो आणि विचारतो, "येऊ का?"

"या."

"त्या सातव्या पायरीचं एकदा करून टाकू का गं? फार वाजते."

"नको," मी वरून म्हणते. "मालकिणीनं ठेवलीय."