रंभाने शिकलेलं इंग्लिश

"माज्या बायकोनं उडी मारली का, तेवढं सांगा," काळूराम कोळी म्हणाला.

खाजगी गुप्तहेर चारुता कर्णिकच्या पनवेलच्या ऑफिसात तो खुर्चीच्या कडेवर बसला होता. त्याची बायको रंभा शुक्रवारी संध्याकाळी करंजा बंदरात बुडाली. पोलीस म्हणाले, पाय घसरला. गाव वेगळंच बोलत होतं.

"सकाली आमचं भांडान झालं. बोटीचं डिझेल भावेश चोरतो, म्हनाली. भावेश माजा पुतन्या, बोट तोच बघतो. मी तिलाच बोललो. फोन घरी टाकून ती मासली विकाया गेली."

"सरळ आहे," चारुताचा मदतनीस विनायक नंतर म्हणाला. "रागाच्या भरात..."

"सरळ वाटतंय खरं. चल, सुकापूरला जाऊ."

रंभाचं शेवटचं गिऱ्हाईक सुनीता तिथेच राहते. ती शाळेत शिकवते.

"दुपारी आली होती. मी म्हटलं, सुरमई नको, माझी नोकरी सध्या ऑन थिन आइस आहे. तिने अर्थ विचारला. पातळ बर्फावर उभं राहायचं, कधी फुटेल नेम नाही, असं सांगितलं. इतकी हसली! 'बर्फावर आमी मासली ठेवतो, तुमी मानूस उभा करता!' मग थिन आइस, थिन आइस घोकतच करंजाला निघाली."

करंजाला कमळाकर बर्फ विकतो.

"सकाली बर्फ नेला तवा तोंड फुगलेलं. संध्याकाली जेट्टीवर लांबून दिसली. संगती कोन व्हता का, कललं नाय."

भावेश जाळं विणत होता.

"काकी कशी होती?" चारुताने विचारलं.

"लय डेंजर! मला म्हनायची, भावेश, तू थिन आइसवर हायस. गिऱ्हाईकाचं इंग्लिश आमच्यावर झाडायची."

"शेवटची कधी भेटली?"

"गुरुवारी. शुक्रवारी दिवसभर मी उरणला व्हतो."

चारुताने त्याला काळूरामच्या घरी यायला सांगितलं.

घरात चौघंच होते. चारुता उभीच राहिली.

"भावेश, ते इंग्लिश रंभाताई शुक्रवारी दुपारी शिकल्या. आधी त्यांना अर्थही माहीत नव्हता."

"कोणाकडून ऐकलं असेल त्याने," विनायक म्हणाला.

"तो म्हणाला, मला म्हणायची. फोन तर घरी होता. म्हणजे त्या तोंडावर म्हणाल्या, शुक्रवारीच, सुकापूरहून आल्यावर. हा उरणला नव्हता, जेट्टीवर होता. आणि असं आपण कोणाला म्हणतो? ज्याचं काहीतरी आपल्याला सापडलंय त्याला."

भावेश खाली बसला. "डिझेलचे कॅन बघितले तिनं. काकाला सांगते म्हनाली. मी नुसतं ढकललं."

काळूरामने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"म्हंजे ती माज्यावर रागावून नाय गेली?" त्याने चारुताला विचारलं.

"रागावली असेल. पण मरायला गेली नव्हती."

त्याने मान हलवली. मग पुतण्याकडे वळला.

"तिला पवता येत नव्हतं. तुला ठावं व्हतं."