मिरची दोन नको, चार पाठवा

पहिल्या भेटीत मला त्याचा रागच आला होता, हे आधीच सांगून टाकते.

सन अडतीसचा पौष. रविवारची सकाळ. अमरावतीच्या राजापेठेत मी आमच्या मळ्यातली भाजी आणि थोडी संत्री मांडून बसले होते, मेथीवरचं दव अजून वाळलं नव्हतं. समोर एक उंच, सावळा माणूस येऊन उभा राहिला. काखेत कापडी पिशवी, डोक्यावर टोपी जराशी तिरपी.

"दोन संत्री द्या."

दिली.

"नको... चार द्या."

चार दिली. त्यानं ती हातात तोलली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा संत्र्यांकडे पाहिलं. "राहू द्या, दोनच द्या."

"भाऊ," मी म्हटलं, "संत्री घेऊन राहिले का माही परीक्षा?"

तो हसला. हसताना डोळे बारीक होत होते त्याचे... पण ते मी उगाच पाहिलं. "रागावू नका. मले विचार करून घ्यायची सवय हाय. आमच्या खेळात हात लावला का चालावंच लागते."

"इथं तसा कायदा नाई. पण गिऱ्हाईक अडून राहिलं माहं."

मग त्यानं सांगितलं. अकोल्याच्या बुद्धिबळ मंडळाचा तो, गोवर्धन मास्तर. शाळेत शिकवतो, घरी मळा आहे, मिरची-वांगी घरचीच पिकते, म्हणून फक्त संत्री घेतो. आज अमरावतीशी सामना, तर भगवंतराव वकिलांचा ओटा कुठं आला? मी बोटानं रस्ता दाखवला. दुपारी मीही तिथंच येणार आहे, हे काही बोलले नाही. कशाला बोलायचं?

अमरावती मंडळाचा पहिला खेळाडू म्हणजे माझे बाबा, किसनराव माळी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. उजेड-अंधार कळायचा, बस. पण पट सगळा डोक्यात. ते खेळी सांगायचे, मी सोंगटी हलवायची. दुसरं कोणी बसलं की सोंगटी हलवता हलवता सल्ला द्यायचं, आणि बाबा उठून घरी यायचे. म्हणून मी. डोळे गेले, मळ्यातलं काम सुटलं, माणसाजवळ उरला होता एक रविवार, आणि तो माझ्या हातांवर चालायचा. दोन स्थळं मी त्यापायीच परतवली होती. माय चिडायची. मी म्हणायची, माझं लग्न झालं की बाबांचा डाव मोडला, तुला चालेल का? मग ती गप्प बसायची.

दुपारी मी बाबांचा हात धरून ओट्यावर चढले, तर पटाच्या पलीकडे तिरपी टोपी.

"तुमी?" तो म्हणाला.

"हव. परीक्षा आता तुमची."

आणि खरंच परीक्षा झाली त्याची. आमच्या बाबांनी पटाच्या आठ उभ्या रांगांना मळ्यातल्या आठ वाफ्यांची नावं दिली होती. डावीकडून वांगी, मेथी, पानकोबी, कांदा, मिरची, गाजर, पालक, मुळा. रांगेतलं घर कितवं, ते आकड्यानं. लहानपणी मला खेळ शिकवला तो असाच. मंडळातल्या सगळ्यांना सवय झाली होती, पण अकोल्याच्या मास्तरला काय ठाऊक?

"घोडा पानकोबी तीन," बाबा म्हणाले.

"कोबी... कोणती?"

मी बोट ठेवलं. "ही. घरी मळा हाय म्हन्ता, आन कोबी ओळखू येत नाई?"

"आमच्याकडची कोबी इतकं बोलत नाई."

मी खाली पाहिलं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या, थंडीत. त्याचं लक्ष पटावर किती आणि माझ्या बोटावर किती, देव जाणे. चौतिसाव्या खेळीला बाबांनी मात दिली. वकिलांनी चहा मागवला, माणसं उठली, आणि तो माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाला, "हरलो त्याचं दुःख नाई. तुमच्यासंगं एक डाव खेळायचा हाय."

"पोरी मंडळात खेळत नाईत."

"मग पत्रानं खेळू."

"बिनलग्नाच्या पोरीले पत्र? मास्तर, साऱ्या राजापेठेत डांगोरा पिटता काय?"

त्यानं टोपी नीट केली आणि पायऱ्या उतरला. विचार करायची सवय ना त्याला... मला वाटलं, संपलं.

बारा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. किसनराव माळी, भाजीवाले, राजापेठ, अमरावती. मायला अक्षर येत नाही, म्हणून आलेलं प्रत्येक कार्ड तिला मोठ्यानं वाचून दाखवायचं, ही घरची रीत. मी वाचलं:

"मिरची दोन शेर नको, चार शेर पाठवा. गो., अकोला."

"बाप्पा," माय म्हणाली, "दोन शेर सांगितली कवा होती यानं?"

मी पाण्याला म्हणून विहिरीकडे गेले आणि वाटेतच थबकले. मिरची दोन नको, मिरची चार. राजापुढचं प्यादं, दोन घरं पुढं. अशी हसले, अशी हसले, की घागर हातातून सुटली. ज्याच्या मळ्यात गाडीभर मिरची, तो आमच्याकडे मिरची मागतो!

दुसऱ्या दिवशी मी उत्तर लिहिलं. मायला तेही वाचून दाखवलं: "मिरची सात शेर नाही, पाच आहे."

"पण त्यानं सात कुठं मागितली?"

"माय, धंद्याच्या गोष्टी असतात, तुले नाई समजत."

मग सुरू झालं. "पालक एक जुडी नको, गाजर तीन शेर पाठवा" म्हणजे त्याचा घोडा निघाला. "मेथीच्या आठ जुड्या नाहीत, कोबीचे सहा गड्डे आहेत" म्हणजे माझा. खाली एखादी ओळ जास्तीची यायची. "उत्तराला फार दिवस लागतात. गिऱ्हाईक उपाशी आहे." मी लिहायची, "भूक आवरावी. घाईचा माल नासतो." ती ओळ मायला वाचताना जीभ अडखळायची. बाबा बाजेवर बसून शेंगा सोलत असायचे. ते काही बोलायचे नाहीत.

आणि माझं काय झालं म्हणता? एका जागी बूड टेकेना. जुडी बांधायची, सोडायची, पुन्हा बांधायची. पालक मागणाऱ्या बाईला मी मुळे दिले, तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. पोस्टमनची वेळ झाली की उन्हात जाऊन उभी राहायची, आणि तो हात हलवून पुढं गेला की त्या दिवशी साऱ्यांवर डाफरायची. हे प्रेम असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, डाव अडला म्हणून होतं असं.

फाल्गुनात घोळ झाला. माय एक दिवस तणतणली, "बिचारं गिऱ्हाईक दोन महिन्यांपासून मागून राहिलं, आन तू नुस्ती कार्डं लिहून राहिली. लाज नाई वाटत?" मी बाजारात होते तेवढ्यात तिनं डोक्यातल्या हिशेबानं टोपली भरली. मिरची चार शेर, गाजर तीन शेर, कोबीचे चार गड्डे. आणि दिली रेल्वेनं धाडून अकोल्याला. कळलं तेव्हा मी तोंडावर पदर घेऊन खालीच बसले.

पाचव्या दिवशी दुकानासमोर एक बाई उभी. नऊवारी लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, नजर अशी की माल पाहता पाहता माणूस पाहून घेईल.

"अकोल्याले मिरची पाठवणारी तूच काय?"

मी तागडं खाली ठेवलं. "हव."

"मी माणिकबाई. मास्तरची माय. आमच्या मळ्यात मिरची तोडायले माणसं पुरत नाईत, आन माहा लेक अमरावतीहून चार शेर मिरची मागवते. मले पाहायचंच होतं, कोणती मिरची हाय ते." तिनं एक मिरची उचलली, देठ मोडला, वास घेतला. मग माझ्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत. "तिखट हाय ना?"

"तिखटच हाय, मावशी. नाई सोसत त्यानं घेऊ नये."

ती हसली. हसताना तिचेही डोळे बारीक झाले, अगदी त्याच्यासारखे.

आठवड्यानं मास्तरच्या वडिलांचा, उत्तमरावांचा, रीतसर निरोप आला. किसनरावांची जयवंता आम्हाला पसंत आहे, पत्रानं कळवावं. मायनं साखर वाटायची तेवढी बाकी ठेवली. आणि मी? मी म्हटलं, मला अकोल्याला जायचं नाही.

रडले, पण मळ्यात जाऊन. मला गोवर्धन हवा होता.  पण रविवारी बाबा अंघोळ करून, टोपी घालून, काठी घेऊन दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "चाल वं पोरी." त्या हाकेला ओ कोण देणार? मी एक कार्ड लिहिलं, कुणाला वाचून न दाखवता पेटीत टाकलं: "माल बंद."

अकोल्याचं उत्तर आलं नाही. आठ दिवस गेले. रागही त्याचाच यायचा आणि वाटही त्याचीच पाहायची. विचार करत बसला असेल. की नसेल बसला?

नवव्या दिवशी दुपारी माय बाजारात गेली होती. बाबांनी बाजेवरून विचारलं, "जयवंते, अकोल्याचं गिऱ्हाईक कुठं गेलं?"

"माल बंद केला, बाबा."

"कावून?" त्यांनी शेंगेचा दाणा तोंडात टाकला. "तुहा हत्ती मुळ्याच्या रांगेत मोकळा, त्याचा राजा कोपऱ्यात कोंडलेला. चार खेळ्यांत मात होती. असा डाव कोणी सोडते काय?"

मी जिथल्या तिथं उभी राहिले.

"तुमाले... कवापासून ठाऊक हाय?"

"तिसऱ्या कार्डापासून. पालक एक नको, गाजर तीन? असं गिऱ्हाईक दुनियेत नाई. मग रोज कान लावून बसलो. पोट्टा बरा खेळते, पण तुह्यासमोर ढिला पडते. मुद्दाम पडते का खरंच पडते, ते काई समजलं नाई."

"बाबा, मी नाई जात."

"माह्यापायी?"

मी खाली पडलेली टरफलं गोळा करू लागले. ते समजले. बाजेवर हातानं जागा चाचपली, मला बसवलं.

"ऐक. दोन महिने मी तुमचा दोघांचा डाव खेळलो. पट नाई, सोंगटी नाई, तुहे हात बी नाई. नुस्ती कार्डं ऐकली. एक खेळी चुकली नाई माही. मग मले हात कायले लागतात? आता मी बी पत्रानं खेळीन. नागपूरच्या मंडळाशी खेळीन, तुह्या नवऱ्याशी खेळीन. कार्ड वाचायले भगवंतराव पुरे. पट माह्या डोक्यात राहीन, तो त्याले दिसत नाई. मग तो सल्ला कायचा देईन?"

मी रडत रडत हसले. बाबांनी माझं नाक त्यांच्या उपरण्यानं पुसलं, लहानपणी पुसायचे तसं.

"आन रविवारी?" मी विचारलं.

"रविवारी बी राजापेठ इथंच राहीन, मी बी इथंच राहीन. तुले वाटलं तर ये. टाक आण."

टाक, दौत, कार्ड घेऊन मी मांडी घालून बसले. बाबा ताठ झाले. मुलीचा बाप बोलणार होता.

"लिही. रा. रा. उत्तमराव यांस किसनराव यांचा सप्रेम नमस्कार. आपला निरोप पोचला. आपल्या घराण्याविषयी आमास आदर आहे. तथापि मुलीच्या मनाचा आन घरच्या वडीलधाऱ्यांचा विचार घेऊन, पंचांग पाहून, योग्य वेळी आपणास कळवू. लिहिलं?"

मुलीकडच्यांनी उतावीळ दिसू नये, हे मलाही कळत होतं. पण योग्य वेळी म्हणजे कधी? चैत्रात? वैशाखात? माझ्यानं आता एक दिवसही राहवत नव्हतं. मी टाक बुडवला, वर गोवर्धनचंच नाव घातलं आणि लिहिलं: "लवकर या. जयवंता."

"लिहिलं," मी म्हटलं.

"वाच."

मी कार्ड समोर धरून वाचलं, अगदी गंभीरपणे. रा. रा. उत्तमरावांपासून योग्य वेळी कळवूपर्यंत, एक शब्द न गाळता.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग कान खाजवला.

"पोरी, मी एवढं लांब बोललो. मग टाक एवढासाच कसा वाजला?"

मी कार्ड पदराआड केलं. 

बाबा हसायला लागले, हसता हसता त्यांना ठसका लागला, आणि पाण्याचा लोटा मागत ते म्हणाले, "जा, टाकून ये पेटीत. माय यायच्या आत."