मिठाच्या तुकड्यावरची बुरशी

"भिंगरे, मला परीक्षेला बसू देणार नाहीत." ताई फोनवर म्हणाली. "म्हणतात मी अहवाल चोरला. दुपारी फैसला आहे."

भिंगरी शाळेच्या गणवेशातच विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत थडकली. आत मॅडम, ताई आणि ताईच्या वर्गातला लंबू. टेबलावर दोन अहवाल, ब्रेडवरच्या बुरशीचे. वाक्यं शब्दाला शब्द सारखी.

"लंबूनं आधी दिला," मॅडम म्हणाल्या. "त्यात एकच चूक आहे. मीठ लावलेल्या ब्रेडच्या तुकड्यावर बुरशी सर्वांत आधी आली म्हणे; मीठ तर बुरशी रोखतं. तुझ्या ताईनं तेवढं दुरुस्त करून आपल्या नावावर खपवलं."

"तुम्ही दोघं एआयचं एकच खातं वापरता ना?" भिंगरीनं विचारलं.

"हो. पण त्यातलं माझं बोलणं कुणीतरी पुसलंय," ताई म्हणाली.

"तूच पुसलं असशील," लंबू म्हणाला. "आणि हे शेंबडं पोर कशाला आणलंयस?"

भिंगरीचा पाय ठरत नव्हता. टेबल ते खिडकी, खिडकी ते टेबल.

"ताई, तू एआयशी नेमकं काय बोलतेस?"

"प्रयोगात जे झालं ते सगळं सांगते आणि मधेच मुद्दाम एक थाप मारते. म्हणते, पकड बघू."

"माझा अभ्यास घेतानाही हेच. जीव नकोसा करते." भिंगरी लंबूकडे वळली. "दादा, तुझे तुकडे कुठेयत?"

"टाकले. वास मारायला लागले."

"कुठला जास्त?"

"मिठाचा. हिरवागार झाला होता."

ताईनं कपाटातून आपले तुकडे काढले. साधा तुकडा बुरशीनं माखलेला. मिठाचा कोरा करकरीत.

"मॅडम, लिहिताना कुणीही चुकेल," भिंगरी म्हणाली. "पण न आलेली बुरशी हिरवी कशी दिसेल? यानं प्रयोग केलेलाच नाही. ताईचं बोलणं उचललं, थापेसकट, आणि मागचं पुसून टाकलं. ताईनं दुरुस्ती केलीच नाही. थाप तिचीच होती, खरं तिला आधीपासून माहीत होतं."

लंबूनं आपला अहवाल उलटा ठेवला.

"अरे, पण त्याच बोलण्यात पुढे एआयनं थाप पकडून दाखवली असेल ना?" मॅडमनी लंबूला विचारलं.

"असेल. मी तिथवर वाचलंच नाही."

मॅडमनी ताईविरुद्धची तक्रार फाडली. "परीक्षेला ये. पण काय गं, एआयनं थाप पकडली नसती तर?"

"तर काय," ताई म्हणाली, "ब्रेड समोर होताच की."