हाडातली रेघ

यशश्री क्लासातून आली ती चपला न काढताच वनमालेसमोर उभी राहिली... आणि थाटीपुरातल्या त्या दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये कुकरची शिट्टी झाली.

"गुरुजींना फोन तुम्ही केला होता, आत्या?"

"हो. मीच केला."

भोपाळची कथक स्पर्धा नऊ दिवसांवर आली होती. त्या एका दिवसासाठी सतरा वर्षांची ही पोर तीन वर्षं गच्चीच्या सिमेंटवर तत्कार घोटत होती. पाय आपटून आपटून नडगीच्या हाडाला चीर गेली, तरी दुखऱ्या जागेवर स्प्रे मारून नाचत होती! वनमालेला ते आधी उमगलं. इस्पितळाच्या फिजिओथेरपी विभागात तीस वर्षं मदतनीस म्हणून तिने परक्यांचे पाय हातात धरले होते. पदवी नव्हती, पण नजर तयार होती. एका पायावर उडी मार म्हटल्यावर पोर स्टेजवरचं हसू हसत उडाली खरी, पण तिचा श्वास मध्येच अडकला.

मग सिटी सेंटर भागातल्या लॅबमध्ये एमआरआय झाला. रिपोर्ट आणायला भावजय सीमंतिनी एकटीच गेली. सहा आठवडे पाय आपटायचा नाही, नाहीतर हाड मोडेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण घरी येऊन तिने लेकीला सांगितलं, थोडी सूज आहे. आणि स्वयंपाकघरात वनमालेचा हात घट्ट धरला.

"गुरुजींना तुम्हीच कळवा, ताई. मी आई आहे. तिने मला टाकलं तर मी कुठे जाऊ? तुमचं तसं नाही."

तुमचं तसं नाही म्हणजे कसं, हे वनमालेने विचारलं नाही. आयुष्यभर धाकट्या भावाच्या घरी राहिलेल्या बाईने काही प्रश्न विचारायचे नसतात. तिने फोन केला, आणि यशश्रीचं नाव कापलं गेलं.

"आपको किसी ने नाचने नहीं दिया ना," यशश्री म्हणाली, "म्हणून माझंही असं केलंत? आई तर म्हणाली, नुसती सूज आहे!"

वनमालेने सीमंतिनीकडे पाहिलं. सीमंतिनी कणीक मळत होती, एवढीशी कणीक, केव्हाच मळून झालेली.

"मला कुठे कळतंय रिपोर्टातलं इंग्रजी," ती म्हणाली. "पण ताई, एकदा विचारायचं तरी होतं."

भाऊ गोपाळकृष्ण वर्तमानपत्रातून बाहेर आला नाही. वनमालेच्या अंतःकरणात काहीतरी आवाज न करता तुटलं... आणि त्याचा एमआरआय निघत नाही, हे एक बरं.

त्या दिवसापासून आत्याने लाटलेली पोळी यशश्री ताटात राहू देत असे. बर्फ किती वेळ लावायचा, टाच केव्हापासून उचलायची, सगळं वनमाला स्वयंपाकघरात सांगे आणि सीमंतिनी आत जाऊन करी. पाय बरा झाला. पोर शिकायला भोपाळला गेली, सुट्टीत आली की आईशीच बोले.

चार वर्षांनी दिवाळीनंतरच्या एका सकाळी ती आली आणि बॅग दारातच टाकून वनमालेच्या कुशीत शिरली. तिची मैत्रीण तन्वी अशीच चीर लपवून नाचली होती, ढाल जिंकली होती, आणि आता पायात सळी घेऊन जिना धरून उतरत होती.

"तुमच्यामुळे माझे पाय शाबूत आहेत, आत्या. या घरात एका तुम्हालाच त्यांची पडली होती. आईला काय, रिपोर्टसुद्धा वाचता आला नाही."

वनमाला तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. खरं सांगायचं तर तिला बोलायचंच नव्हतं! चार वर्षं उपाशी ठेवलेल्या जिवाने हे सुख आणखी क्षणभर एकटीने भोगलं, तर कोणाचं काय जाणार होतं?

दारात चहाचा ट्रे घेऊन सीमंतिनी उभी होती.

"वाचता आला होता," ती म्हणाली. "फोन करा असं मीच ताईंना म्हटलं. तू मला बोलू नयेस म्हणून त्यांना पुढे केलं... आणि तू त्यांना बोललीस तेव्हा ऐकत राहिले."

यशश्रीने दारातली बॅग आत आणून ठेवली, पण उघडली नाही. रडली नाही, भांडली नाही. दोन दिवस राहणार होती, ती दुपारच्याच गाडीने निघाली. जाताना आत्याच्या पाया पडली.

"तिच्याही पाया पड," वनमाला हळूच म्हणाली.

"पुढच्या वेळी."

रिक्षा वळेपर्यंत दोघी फाटकाशी उभ्या होत्या. सीमंतिनीने पदराने डोळे पुसले आणि विचारलं, येईल ना हो ती, ताई?

"येईल," वनमाला म्हणाली.

किती दिवसांनी, ते तिने सांगितलं नाही.