धोंडूबाईंचं नाव

गेल्या वर्षी दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, मी सिमेटरीच्या गेटवर एका झेंडूवाल्याशी कडाकडा भांडले. प्रेम वगैरे नंतरचं.

आईच्या थडग्यासाठी फुलं घ्यायला गेले, तर तो म्हणतो, "संपली." आणि मागे भरलेली टोपली!

"मग ती काय आहे?"

"ती आईची. विकायची नाही."

त्याची आई धोंडूबाई, खाडीकडच्या गावची. दरवर्षी एक टोपली राखून ठेवायची आणि ज्या थडग्यांकडे कुणी फिरकत नाही, त्यांवर ती फुलं वाहायची. ती तिथंच टोपलीशेजारी बसली होती. मला म्हणाली, "यांना कोनी येत नाय गो. तुझ्या आयशीला तू हाईस ना?" मी ओशाळले. तो मुलगा, जयवंत, गालातल्या गालात हसत होता. इतका राग आला मला... की रात्रभर तोच डोळ्यांसमोर.

मग झेंडूचा काही संबंध नसताना आम्ही भेटत राहिलो. त्याच्या शर्टाला कायम ओल्या पानांचा वास यायचा. एकदा चिंचोटीच्या वाटेवर त्यानं विचारलं, "तुमच्यात जावयाला बाप्तिस्मा घ्यावाच लागतो का गं?"

"विचारतोयस की घाबरतोयस?"

"दोन्ही —"

श्रावणात धोंडूबाई गेल्या.

ऑक्टोबरच्या शेवटी मी चर्चच्या व्हरांड्यात नावं लिहून घेत बसले होते. आमच्याकडे प्रत्येक घर आपल्या गेलेल्या माणसांची नावं देतं, आणि दोन तारखेला सिमेटरीत मिस्सेच्या, म्हणजे फादरांच्या प्रार्थनाविधीच्या, आधी ती मोठ्यानं वाचतात. जयवंत रांगेतून पुढे आला.

"धोंडूबाई काशीराम पाटील," तो म्हणाला. "लिही ना."

शेजारी पप्पा बसले होते. तीस वर्षं त्यांनी गावच्या मुलांना धर्मशिक्षण दिलंय, मलाही त्यांनीच शिकवलं. तेच पाठ केलेलं माझ्या तोंडून घडाघडा बाहेर पडलं. "नाही रे लिहिता येत... बाप्तिस्म्याशिवाय तारण नाही. आपण प्रार्थना केली तरी त्यांना —"

मी थांबले, पण उशीर झाला होता.

"म्हणजे आई आता कुठे आहे, ते तुला माहीत आहे?" त्यानं अगदी हळू विचारलं.

तो निघून गेला.

त्यानंतर फोन नाही. मेसेजवर दोन निळ्या खुणा यायच्या, तेवढंच. सकाळी फुलं पोचवायला जाणारी त्याची स्कूटर आमच्या वळणावरून जाईनाशी झाली. तरी मी सहा वाजताच खिडकीत. फार आठवण यायची त्याची, आणि माझी मलाच लाज वाटायची.

शेवटी फादर शॉनना गाठलं, सगळं सांगितलं. "फादर, धोंडूबाई नरकात असतील?"

"चर्च संतांची नावं जाहीर करतं," फादर म्हणाले. "नरकात अमुक माणूस गेला, असं चर्चनं आजवर एकाबद्दलही जाहीर केलेलं नाही. आणि तू व्हरांड्यात बसून केलंस?" मी रडायलाच लागले. त्यांनी यादी माझ्यापुढे सरकवली. "प्रार्थना कुणासाठीही करता येते. निवाडा देवाकडे राहू दे, प्रिन्सी."

दोन तारखेला नावं वाचायला मीच उभी होते. आईचं वाचलं, "रोझी क्लेमेंट लोपीस." मग त्याखालचं, "धोंडूबाई काशीराम पाटील." कुजबुज सुरू झाली. पप्पांनी मान वर केली ती खाली घेईनात. पण मी नाव पुरतं वाचलं.

जयवंत भिंतीपाशी उभा होता... डोळे पुसायचंही विसरून.

मिस्सा संपल्यावर मीच त्याच्याकडे गेले. "चुकले मी. मला काहीच माहीत नव्हतं, जयवंत."

"पप्पा रागावले?"

"बोलत नाहीयेत."

"आणि मी मेल्यावर? माझं नाव वाचशील?"

"गप्प बस. तुझं नाव आधी दुसरीकडे वाचायचंय."

"कुठे?"

"आमच्यात लग्न ठरलं की तीन रविवार दोघांची नावं चर्चमध्ये वाचतात —" बोलून गेले आणि माझेच कान तापले.

तो कानापर्यंत हसला. मग हसू ओसरलं. "आईचं वर्षश्राद्ध होईपर्यंत आमच्याकडे लग्न नाही गं."

"मी कुठे उद्या म्हणतेय?"

श्रावणाला अजून नऊ महिने होते. पप्पा तेवढ्यात मानतील की नाही, देव जाणे. जयवंत माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता, आणि सगळं गाव बघत होतं म्हणून मला त्याचा हातही धरता येत नव्हता. मी बोटांवर महिने मोजत गेले, आणि शेवटच्या बोटाशी पोचेपर्यंत मला रडू आलं.