निळ्या भाताचा समुद्र

भाजीवाल्या मावशींच्या दुकानात ती जांभळा कोबी उजेडाकडे धरून उभी होती, तेव्हा शेजारून कुणीतरी विचारलं, “किडका आहे का?”

“नाही... समुद्र होईल का, बघतेय.”

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. पण तो तिशीतला उंच माणूस हसला नाही. “कोणता समुद्र?” एवढंच म्हणाला.

मग सांगावंच लागलं. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचे आणि घरी येऊन ताटात सिनेमातले प्रसंग मांडायचे, हा तिचा एकटीचा उद्योग. आई गेल्यापासून दोन खोल्यांत बोलायला भिंतीच उरल्या होत्या. त्यांच्यापेक्षा गाजरं बरी! कोबी उकळून त्या पाण्यात चिमूटभर सोडा घातला, की भात निळाशार. मुळ्याला बिटाचे पट्टे गुंडाळले की दीपगृह. मटाराची रिकामी शेंग म्हणजे होडी. फोटो काढायचा... आणि एकटीने खाऊन टाकायचं.

“दीपगृह? म्हणजे नायिका शेवटी होडीतून निघून जाते, तो सिनेमा?” त्याने विचारलं. “मग होडी डावीकडे न्या. मी तो शेवट एकशे बारा वेळा पाहिलाय.”

“एवढा आवडला?”

“पगार मिळतो हो त्याचा!”

कोपऱ्यावरच्या जुन्या थिएटरात तो सिनेमा दाखवायचं मशीन चालवायचा.

रविवारी दुपारच्या खेळाच्या मध्यंतरात ती डबा घेऊन मशीनच्या खोलीत गेली. होडी डावीकडे होती. तो नुसताच बघत राहिला.

“घ्या ना, सुकेल.”

“समुद्र मोडवत नाही.”

“मग मी मोडते.” तिने एका काठाने सुरुवात केली, त्याने दुसऱ्या. मधोमध दोघांचे चमचे एकमेकांना लागले, आणि दोघंही एकदम भिंतीतल्या झरोक्यातून पडद्याकडे बघायला लागली. पडद्यावर पंख्याची जाहिरात चालू होती!

असे पाच रविवार गेले. सहाव्या रविवारी त्याने चमचाच उचलला नाही.

“थिएटर बंद होतंय. मला दुसऱ्या शहरात काम मिळालंय... शुक्रवारी निघतोय.”

“अरे वा, छान झालं की,” ती म्हणाली, आणि भरला डबा तसाच घेऊन घरी आली. पुढचे चार दिवस तिने ताट काढलंच नाही. उभ्या उभ्या पाव खाल्ला.

शुक्रवारी सकाळी तो तिच्या दुकानात हजर. “डोळे तपासायचेत.”

तिने त्याला खुर्चीत बसवलं, नाकावर चौकट चढवली, काच बसवली. “आता कसं दिसतंय?”

“धूसर.”

तिने काच बदलली. “आता?”

“आता अक्षरं दिसतायत... आणि तू.” पहिल्यांदाच ‘तू’. “रडलीयेस?”

“कांदा चिरला.”

“कोणत्या सिनेमासाठी?”

तिचा हात त्याच्या कानापाशीच थबकला. “तू जाऊ नयेस, असं वाटतंय,” ती हळूच म्हणाली.

“मलाही जाववत नाहीये गं. पण दुसरं काम येत नाही मला.”

“ठाऊक आहे.” तिने खाली मान घालून नंबर लिहिला. “चष्मा पुढच्या शनिवारी मिळेल. स्वतः यावं लागेल.”

“कुरियरने नाही पाठवत?”

“नाही.”

“मग येतो,” तो म्हणाला. “दर शनिवारी काहीतरी बिघडवून आणतो.”

गल्ल्यावरच्या मालककाकांनी चमकून वर पाहिलं. चष्मा तर तासाभरात तयार व्हायचा! काही सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मुकाट्याने पुन्हा पेपरात डोकं घातलं.

तो वळणावर दिसेनासा झाला. आठ दिवस... तिने डोळे पुसले आणि बाकावर थांबलेल्या आजोबांना आत बोलावलं.